समुद्रकाठी लग्नाआधीची छायाचित्रे: दोघे निवांत कसे राहतील?

छायावेध (धागाकर्ता):

नमस्कार. वडोदऱ्यात लग्नकार्यांची छायाचित्रे काढणे हा माझा व्यवसाय आहे. अलीकडे आपल्या मराठी घरांतूनही साखरपुडा उरकला की समुद्रावर दोघांचे फोटो काढून द्याल का, अशी विचारणा होते आणि बहुतेक वेळा तिला एक पुस्ती जोडलेली असते, ती म्हणजे पोझ दिलेले नकोत, सहज वाटणारे हवेत. ही मागणी मला मनापासून पटते. मात्र समोर कॅमेरा धरून ‘मोकळे व्हा, हसा’ असे म्हटले की एरवी हसतमुख असणारी माणसेसुद्धा आखडतात. दोघे मोकळे राहणार की नाही, हे तारीख, वेळ, किनारा आणि सोबतची माणसे ठरवतानाच बरेचसे ठरून गेलेले असते, असे माझे मत झाले आहे आणि त्यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

प्रथम किनाऱ्याविषयी. आपल्याला सर्वांत जवळचे खारे पाणी खंभातच्या आखाताचे. जंबुसर तालुक्यातील कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेवाचे देऊळ भरतीच्या पाण्यात बुडते आणि ओहोटीला पुन्हा उघडे पडते. ते पाहायला अवश्य जावे, पण तेथे पुळण नाही, गाळ आहे, आणि नवे कपडे घातलेल्या दोघांना गाळात उभे करून निवांतपणाची अपेक्षा ठेवता येत नाही. त्यामुळे व्यवहारात तीन ठिकाणे उरतात. वलसाडला रेल्वेने अडीच-तीन तासांत पोहोचता येते आणि स्थानकापासून तिथलचा किनारा जेमतेम पाच किलोमीटर आहे. दमणसाठी त्याच मार्गावर पुढे वापीला उतरावे लागते. दीवला मात्र रस्त्याने जवळजवळ सारा दिवस मोडतो. तिथलला सकाळी निघून रात्री घरी परतता येते आणि लग्नाआधी मुक्काम कसा करायचा हा प्रश्न मुलीच्या घरी उभाच राहत नाही, हा फायदा मी फार मोठा मानतो, कारण ज्या मुलीला दर अर्ध्या तासाने घरून फोन येतो तिच्या चेहऱ्यावर तो ताण दिसतोच.

उजेडाच्या दृष्टीने तिन्ही ठिकाणे सारखी नाहीत. तिथल आणि दमण पश्चिमेकडे तोंड करून आहेत, म्हणून सूर्य पाण्यात बुडताना दिसतो आणि सकाळी तो जमिनीकडून, झाडांच्या मागून वर येतो. दीवचे नागवा आणि घोघला हे किनारे दक्षिणाभिमुख आहेत. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडे उगवतो आणि नैर्ऋत्येकडे मावळतो, त्यामुळे तेथे सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा तिरपा, सोनेरी उजेड पाण्याच्या बाजूने येतो. घोघल्याला २०२० मध्ये स्वच्छ किनाऱ्यांना दिले जाणारे ब्ल्यू फ्लॅग मानांकन मिळाले, तेथे स्वच्छता आणि कपडे बदलण्याची सोय चांगली आहे. मुक्कामाची अडचण नसेल तर माझी पसंती दीवलाच असते.

आता वेळ. संध्याकाळच्या सोनेरी तासाविषयी सगळेच बोलतात, पण आपल्या अक्षांशावर सूर्य शेवटचे सहा अंश उतरायला अर्धा तासही घेत नाही. डिसेंबरात तिथलला सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो आणि दीव पश्चिमेला असल्याने तेथे सात-आठ मिनिटे उशिरा. चार वाजता किनाऱ्यावर पोहोचून पहिला तासभर काहीच न काढणारा छायाचित्रकार वेळ वाया घालवत नसतो, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. त्या तासात दोघे वारा, रेती, आजूबाजूची माणसे आणि मुख्य म्हणजे माझ्या गळ्यातला कॅमेरा यांना सरावतात.

तारखेबद्दल एक सूचना. तुळशीचे लग्न झाले की हंगाम सुरू होतो आणि आम्ही सगळे मांडवांत अडकतो. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत गुजरातेत कमुरतां पाळतात, लग्ने थांबतात आणि छायाचित्रकार मोकळे असतात. फोटो काढणे हे काही धार्मिक कार्य नाही, त्यामुळे माघ-फाल्गुनात लग्न असलेल्यांनी हाच काळ घ्यावा. फक्त नाताळपासून नववर्षापर्यंतचा आठवडा टाळावा, कारण तेव्हा दीव-दमणला पाय ठेवायला जागा नसते.

रावपुऱ्याची:

धागा अगदी वेळेवर आला. आमचे लग्न घरच्यांनी ठरवले आहे, फेब्रुवारीत आहे, आणि साखरपुड्यानंतर आम्ही दोघे मोजक्याच वेळा भेटलो आहोत. मैत्रिणींचे समुद्रावरचे फोटो पाहिले की त्यात मिठी, उचलून घेणे, कपाळाला कपाळ लावणे असे सगळे असते. मला ते जमेल असे वाटत नाही आणि तो तर माझ्याहून अबोल आहे. शिवाय धाकट्या भावाला सोबत नेल्याशिवाय आई पाठवणार नाही. अशा परिस्थितीत फोटो काढावेत की नाहीत, येथपासूनच मनात शंका आहे.

छायावेध:

ताई, फोटो अवश्य काढावेत. नुकती ओळख होत असलेल्या दोन माणसांमध्ये जे हातभर अंतर असते ते पुढे आयुष्यात पुन्हा कधी दिसत नाही. ते अंतर छायाचित्रात यायला हवे, असे मला फार वाटते. मिठी मारा असे मी कोणालाही सांगत नाही. जवळ यायचे की नाही, हात धरायचा की नाही, हे त्या दोघांचे आहे. त्यांनी आपणहून हात धरला तर मी टिपतो, नाही धरला तर दोन सावल्या ओल्या रेतीवर शेजारी पडलेल्या टिपतो.

मी काय करतो ते थोडे विस्ताराने सांगतो. पहिले चालणे बॅग बंद ठेवूनच होते. त्यानंतर मी सत्तर-दोनशे मिलिमीटरची लेन्स लावून पंधरा-वीस मीटर मागे जातो. इतक्या अंतरावरून दोघांचे बोलणे मला ऐकू येत नाही आणि लाटांच्या आवाजात शटरचा आवाज त्यांना ऐकू जात नाही, त्यामुळे थोड्याच वेळात ते माझ्यासाठी चालणे सोडून आपसात बोलत चालू लागतात. चालत्या माणसांसाठी शटरचा वेग सेकंदाच्या एक-पाचशांशाच्या खाली आणत नाही, नाहीतर पावले आणि उडणारा पदर दोन्ही पुसट येतात. जवळची पोर्ट्रेट सर्वांत शेवटी, पंच्याऐंशी मिलिमीटरवर आणि तीही मोजकीच.

संकोच सर्वांत आधी हातांत दिसतो. चेहरा सावरता येतो, पण रिकामा हात काय करावे ते न सुचून कुर्त्याच्या खिशात किंवा ओढणीच्या टोकात शिरतो. म्हणून मी हातांना काम देतो. आपल्या फतेहसिंह संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रे आहेत. ती पाहायला जाल तेव्हा चेहऱ्यांआधी हात पाहा. कुठे वाद्य, कुठे फळ, कुठे पदराची चुणी, हात सहसा मोकळा सोडलेला नाही आणि त्यामुळेच बसलेली बाई खरोखर बसलेली वाटते. समुद्रावर हे काम शोधावे लागत नाही. चपला हातात घेणे, शिंपले वेचणे, भाजलेल्या मकाईचे दाणे सोलून देणे, वाऱ्याने सुटलेली केसांची बट मागे सारणे, एवढे पुरते.

तिथलच्या ओल्या रेतीत ओहोटीनंतर बारीक खेकडे रेती चाळून मुगाएवढ्या गोळ्या बिळाभोवती मांडून ठेवतात आणि त्यांची चक्राकार नक्षी तयार होते. तुमच्यासारखेच एक अबोल जोडपे ती पाहायला वाकले. मुलगी उकिडवी बसून एकेका गोळीकडे बोट दाखवत होती, मुलगा गुडघ्यांवर हात टेकून तिच्या बोटाकडे पाहत होता, आणि एक खेकडा बाहेर येताच दोघेही एकदम मागे सरून हसले. त्या दिवसातील सर्वांत चांगले छायाचित्र तेच होते, आणि तेव्हा दोघांपैकी कोणाचेही लक्ष माझ्याकडे नव्हते.

बोलण्याचेही तसेच आहे. ‘एकमेकांकडे पाहा’ ही सूचना मी देत नाही, कारण पाहायला सांगितले की डोळ्यांत पाहणे उरत नाही, पाहण्याचे काम उरते. त्याऐवजी मुलाला सांगतो की यांच्या शाळेतल्या सर्वांत कडक बाईंचे नाव विचारून या. मुलीला सांगतो की यांच्या घरी आमटीत गूळ किती पडतो ते विचारा. बडोद्याकडची आणि सुरतेकडची घरे या विषयावर बराच वेळ बोलू शकतात.

धाकट्या भावाला जरूर आणा. त्याच्या हाती उजेड परतवणारा पडदा, म्हणजे रिफ्लेक्टर देतो. काम मिळाल्यावर तो बहिणीकडे पाहत बसत नाही, उजेडाकडे पाहतो, आणि तिघेही सुटतात.

तापीकाठ:

मी सुरतेत राहतो आणि डुमस, सुवाली, दांडी हे किनारे लहानपणापासून पाहिलेले आहेत. धागाकर्त्यांच्या मांडणीत एक फार मोठी गोष्ट राहिली आहे असे वाटते, ती म्हणजे भरती-ओहोटी. कोकणातला किंवा गोव्याचा समुद्र पाहिलेल्या माणसाला खंभातच्या आखाताची कल्पना येत नाही. आखात नरसाळ्यासारखे उत्तरेकडे अरुंद आणि उथळ होत जाते, त्यामुळे आत शिरणारे पाणी चढत जाते आणि भावनगरला मोठ्या भरतीच्या वेळी भरती आणि ओहोटीतला फरक १० मीटरच्या आसपास जातो. दक्षिणेकडे तो कमी होत जातो, पण तिथलपर्यंत चांगलाच जाणवतो. दीवला त्यामानाने पाणी फारच थोडे हलते.

याचा परिणाम असा होतो की चुकीच्या वेळी डुमसला पोहोचलेल्या जोडप्याला समुद्र दिसतच नाही, दूरवर चकाकणारी एक रेघ आणि मध्ये गाळमिश्रित रेतीचे मैदान दिसते. याउलट पाणी चढत असताना सपाट किनाऱ्यावर ते मागून, खोलगट चरांमधून येते आणि समोर पाहणाऱ्याला कळत नाही. रेतीवर नेलेल्या मोटारी रुततात आणि पाण्यात अडकतात, हे आम्ही सुरतकर नेहमी पाहतो. बॅगा, चपला, नवरीच्या कपड्यांची पिशवी रेतीवर ठेवून सगळे सूर्यास्ताकडे पाहत आहेत, ही परिस्थिती येऊ देऊ नये.

माझ्या मते सर्वांत चांगली संध्याकाळ ती, जेव्हा सूर्यास्ताच्या दोन-अडीच तास आधी पूर्ण भरती होऊन पाणी उतरू लागलेले असते. पाणी मागे सरत असल्याने धोका कमी, आणि मागे राहिलेल्या ओल्या रेतीत आकाशाचे प्रतिबिंब पडते. भरती रोज साधारण ५० मिनिटे पुढे सरकते, म्हणून मनाजोगी वेळ हुकली तर ती पंधरवड्याने पुन्हा येते. आधी भरतीचे कोष्टक पाहावे आणि मग रेल्वेची तिकिटे काढावीत.

छायावेध:

तापीकाठ, मनापासून आभार. ओल्या रेतीबद्दल एक जोड देतो. प्रतिबिंब हवे असेल तर लेन्सवरचा पोलरायझर काढून ठेवावा, कारण तो नेमकी तीच चकाकी खातो. आणि कॅमेरा गुडघ्यापर्यंत खाली न्यावा, म्हणजे दोघांची प्रतिबिंबे पायांपासून तुटत नाहीत. क्षितिजरेषा मात्र मानेतून जाऊ देऊ नये. ती मानेच्या बरीच खाली ठेवावी.

दांडियाबाजार_आजी:

माझे माहेर रत्नागिरीकडचे, लग्नानंतर वडोदऱ्यात आले. आमच्याकडे मच्छीमार भरतीसाठी कोष्टक पाहत नसत, तिथी पाहत. प्रतिपदेपासूनच्या तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ तासांत मिळते, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास आणि चतुर्थीला तीनच्या सुमारास. हे गणित आमच्या कोकणच्या आणि मुंबईच्या किनाऱ्याचे आहे. खंभातच्या आखातात आत जाताना भरती उशिरा पोहोचते, म्हणून सुरतेकडे ते जसेच्या तसे लावू नये. पण एकाच किनाऱ्यावर तीच तिथी आली की भरतीही घड्याळात जवळपास त्याच वेळेला येते, हे सगळीकडे खरे आहे. ज्या दिनदर्शिकेवर लग्नाचा मुहूर्त पाहता, तिच्यावरच हेही पाहता येईल. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वांत जास्त चढते आणि सर्वांत जास्त उतरते, हेही मुलांनी लक्षात ठेवावे.

दुसरे कपड्यांविषयी. रावपुऱ्याच्या मुलीने नऊवारी नेसायची ठरवली तर ती फार शोभून दिसेल आणि सोयीचीही होईल, कारण कासोट्यामुळे पाय मोकळे राहतात. सहावारीच्या निऱ्या एकदा भिजल्या की वजनाने खाली ओढतात आणि मुलगी सारखी कमरेशी हात नेते. पैठणी मात्र नेऊ नये. खाऱ्या पाण्याने जरीची तार काळी पडते आणि रेशमावर पांढरे डाग राहतात. सुती इरकल किंवा खणाचे काही न्यावे. भिजले तर घरी येताच गोड्या पाण्यातून काढावे.

आणि एक विनंती. काही छायाचित्रांत लग्नाआधीच मुलीच्या गळ्यात मंगळसूत्र आणि दोघांच्या कपाळावर मुंडावळ्या दिसतात. या गोष्टी मांडवातल्या आहेत, त्यांची वेळ येऊ द्यावी. हिरवा चुडाही तोवर राहू द्यावा. नथ घालायला हरकत नाही, पण समुद्राच्या वाऱ्यात ती सारखी सावरावी लागते, तेव्हा दाबाची, हलकी घ्यावी.

रावपुऱ्याची:

आजी, पैठणीच न्यायची असे माझे जवळजवळ ठरले होते. आता आईची जुनी इरकल काढते.

उजेडवेडा:

मी हौशी छायाचित्रकार आहे, पण पोर्ट्रेट हाच माझा आवडीचा विषय आहे. धागाकर्त्यांचे बहुतेक म्हणणे मान्य असले तरी तिथलबाबत एका तांत्रिक मुद्द्यावर मतभेद नोंदवतो. तिथल आणि डुमसची रेती काळसर आहे. फिकट रेतीच्या किनाऱ्यावर सूर्य पाठीमागे घेऊन जोडपे उभे केले तरी समोरची कोरडी रेती खालून उजेड परत फेकते आणि हनुवटी, डोळ्यांच्या खोबणी भरून निघतात. काळ्या रेतीवर हा फुकटचा उजेड मिळतच नाही. परिणामी पाठीमागचे आकाश जळते, म्हणजे पांढरेफटक येते, आणि चेहरा राखाडी राहतो. अशा ठिकाणी लहानसा फ्लॅश मऊ पडद्यातून वापरल्याशिवाय चेहरा उघडत नाही, असे माझे मत आहे. केवळ नैसर्गिक उजेडाचा आग्रह तिथलला परवडत नाही.

दुसरे, संध्याकाळी वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो. पश्चिमेकडच्या किनाऱ्यावर सूर्यास्त पाठीशी घेतला की वाराही पाठीशी येतो आणि मुलीचे सगळे केस तोंडावर येतात. ही अडचण आपण कशी सोडवता?

छायावेध:

काळ्या रेतीचे निरीक्षण अचूक आहे आणि ज्यांना समुद्रामागे मावळता सूर्यच हवा असतो त्यांच्यासाठी फ्लॅशला पर्याय नाही, हे मी मान्य करतो. परंतु फ्लॅश उडाला की दोघे दचकतात, पुढच्या क्षणी तो पुन्हा उडेल म्हणून वाट पाहतात आणि आधीच्या तासाभराची मोकळीक विरते. म्हणून तो मी सूर्य बुडण्याच्या शेवटच्या थोड्या मिनिटांपुरता बाहेर काढतो, तोपर्यंत दोघे पुरेसे सैलावलेले असतात. त्याआधी मी उलट बाजू घेतो. आपण पाण्याच्या कडेला उभे राहायचे आणि दोघांना समुद्राकडे तिरपे तोंड करून चालू द्यायचे. मावळतीचा मऊ उजेड सरळ चेहऱ्यावर येतो, वारा समोरून आल्यामुळे केस मागे जातात, आणि पाठीमागे सुरूची झाडे आणि लांबलचक रिकामी रेती येते. समुद्र चौकटीत दिसलाच पाहिजे असे नाही. तो त्यांच्या डोळ्यांत आणि उडणाऱ्या पदरात आलेला असतो. मात्र सूर्य बराच खाली येईपर्यंत थांबावे, नाहीतर डोळे बारीक होतात.

सकाळ हा दुसरा उपाय. वलसाडला आदल्या रात्री मुक्कामाची सोय असेल, नातेवाईक असतील, तर पहाटे सात-साडेसातला तिथल पाहावे. सूर्य अजून झाडांच्या मागे असतो, वारा पडलेला किंवा जमिनीकडून मंद असतो, सगळीकडे सारखा, सावलीचा उजेड असतो, आणि चेहऱ्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. गर्दीही नसते.

पाठीमागून उजेड असेल तेव्हा उजेडाचे मोजमाप चेहऱ्यावरून करावे आणि आकाशाचा थोडा भाग जळू द्यावा. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या मूळ फाइलमध्ये काढले तर त्वचेच्या छटा घरी सावरता येतात, पण काळवंडलेला चेहरा वर उचलला की त्यात दाणे दिसू लागतात.

रंगांविषयी याच ओघात लिहितो. दक्षिण गुजरातेत पाणी करडे-तपकिरी आणि रेती काळी, त्यामुळे निळे आणि राखाडी कपडे तेथे मावळून जातात. मोहरी, विटकरी, डाळिंबी असे उबदार रंग उठून दिसतात. दीवला पाणी हिरवट आणि रेती फिकट, तेथे हलके रंग चालतात. पूर्ण पांढरा कुर्ता दुपारच्या उन्हात कुठेच चालत नाही. कपड्यांचे दोन जोड पुरेत. चार जोड आणले की अर्धी संध्याकाळ पडदा धरण्यात जाते आणि प्रत्येक बदलानंतर दोघांना नव्याने सैल व्हावे लागते.

महीकाठ:

एक मूलभूत प्रश्न विचारतो आणि तो तक्रार म्हणून घेऊ नये. आपल्याला सयाजीबाग आहे, सिंधरोटला महीचा काठ आहे, राजवाड्यांच्या परिसरातल्या जुन्या कमानी आहेत. एवढे घराजवळ असताना लग्नाच्या खर्चात समुद्राच्या प्रवासाची भर कशासाठी घालायची? निवांतपणाच हवा असेल तर तो दीवला जाऊन येण्याच्या सोळा तासांच्या प्रवासात मिळतो का?

छायावेध:

प्रश्न रास्त आहे. ज्यांना प्रवास नको, त्यांची छायाचित्रे मी सयाजीबागेत आणि महीकाठी आनंदाने काढतो आणि सिंधरोटला पहाटेच्या धुक्यात ती फार सुंदर येतात. परंतु समुद्राचे दोन फायदे मला अन्यत्र मिळालेले नाहीत. शहरात दर वळणावर ओळखीचे भेटतात. सयाजीबागेत सकाळी फिरायला येणाऱ्या काका-काकूंपैकी कोणी ना कोणी मुलाच्या मामाला ओळखणारे निघते, विचारपूस सुरू होते आणि मुलगी पदर सावरून उभी राहते. तिथलला त्यांना कोणी ओळखत नाही. दुसरा फायदा असा की समुद्रावर पाहण्यासारखे काहीतरी सतत चाललेले असते. बागेत दोघांना एका बाकावर बसवले तर पाच मिनिटांत त्यांची नजर कॅमेऱ्याकडे वळते. लाटांसमोर बसवले तर ती वळत नाही, कारण येणारी लाट पायांपर्यंत पोहोचेल की आधीच विरेल, हे पाहण्यात माणूस रमतो.

खर्चाबाबत आपले म्हणणे मी मानतो. रेल्वेने तिथल, एकच दिवस, दोन कपडे आणि एक मदतनीस एवढ्यात काम चांगले होते. याहून मोठा खर्च करणाऱ्यांनी त्यातून अधिक मोकळे छायाचित्र मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये.

अलकापुरीकर:

मुलाच्या मित्रमंडळींचा आग्रह आहे की दीवला ड्रोन हवाच, शिवाय किल्ल्यावरही चित्रण व्हावे. आठ-दहा जण सोबत येणार आहेत. आपला सल्ला काय?

छायावेध:

मित्रांना लग्नात बोलवावे, समुद्रावर नको. मित्र समोर उभे असले की मुलगा मित्रांसाठी वागतो, आणि मुलगी त्याच्या मित्रांसमोर प्रथमच वावरत असते. सोबतीला एक मदतनीस आणि घरचे एखादे माणूस, यापुढे संख्या नेऊ नये.

ड्रोनबाबत २०२१ च्या नियमांनुसार डिजिटल स्काय या सरकारी नकाशावर ती जागा हिरव्या, म्हणजे उड्डाणाला पूर्वपरवानगी न लागणाऱ्या क्षेत्रात आहे का, हे आधी पाहावे लागते. दीवला विमानतळ आहे आणि दमणला तटरक्षक दलाचा हवाई तळ आहे, त्यामुळे या दोन्ही गावांत गृहीत काहीच धरू नये. दीवचा पोर्तुगीज किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तेथे तिपाई लावायची तर पूर्वपरवानगी घ्यावी. पण परवानगी मिळाली तरी डोक्यावर घरघरणारे यंत्र असताना कोणी मनातले बोलत नाही. मोकळ्या पोर्ट्रेटसाठी मी ड्रोन वापरत नाही, आणि हवाच असेल तर सगळे संपल्यावर, शेवटच्या दहा मिनिटांत उडवावा असे सुचवतो.

तापीकाठ:

दांडीचा विचार करणाऱ्यांसाठी एक ओळ. किनारा शांत आणि मोकळा आहे, छायाचित्रे जरूर काढावीत. परंतु ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी जेथे मीठ उचलले त्या आठवणीसाठी उभारलेल्या स्मारकाच्या आवारात अशी चित्रे काढू नयेत. तेथे लोक वेगळ्या भावनेने आलेले असतात.

रावपुऱ्याची:

घरी बोलणे झाले. जानेवारीत, संक्रांतीच्या आधी, तिथलला जायचे ठरत आहे. भाऊ येणार आहे. होणाऱ्या नवऱ्यालाही धागा वाचायला दिला. मिठी नाही हे वाचून तो तासाभराने म्हणाला की मग ठीक आहे. आता बरोबर काय न्यावे आणि आपल्याकडून छायाचित्रे कशी मिळतात, एवढे सांगावे.

छायावेध:

फार आनंद झाला. तारीख निश्चित करण्याआधी भरतीचे कोष्टक मी पाहून कळवतो. त्या पंधरवड्यात दुपारी साडेतीनच्या सुमारास पूर्ण भरती येणारे दोन-तीन दिवस मिळतील, त्यांपैकी शनिवार-रविवार सोडून निवडू.

पाय पुसायला जुना पंचा, गोड्या पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या, केसांना काळ्या पिना, ओढणीला दोन-चार सेफ्टी पिना, आणि दुपारचे जेवण हलके. चेहऱ्याला चकाकी देणारा मेकअप टाळावा. समुद्रावरच्या दमट हवेत तो तेलकट दिसतो. साधी पावडर पुरते. चष्मा लावत असाल तर लावूनच या, काढल्यावर डोळे वेगळे दिसतात आणि समोरचे माणूसही नीट दिसत नाही.

उजेडवेडा आणि इतर हौशी मंडळींसाठी उपकरणांविषयीही येथेच लिहितो. वातानुकूलित डब्यातून किंवा खोलीतून थेट किनाऱ्यावर कॅमेरा उघडला की काचेवर बाष्प धरते, म्हणून तो बॅगेतच अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्यावा. रेतीवर लेन्स बदलू नये. बदलावीच लागली तर वाऱ्याकडे पाठ करून, बॅगेच्या आत. काचेवर खाऱ्या तुषारांचा थर बसतो आणि त्यातच रेतीचे कण असतात, तेव्हा आधी फुंकणीने कण उडवावेत आणि मगच ओलसर कापडाने पुसावे. कोरड्या कापडाने पुसल्यास ओरखडे पडतात. तिपाईचे पाय घरी आल्यावर उघडून गोड्या पाण्याने धुवावेत.

छायाचित्रे मी प्रथम फक्त तुम्हा दोघांना देतो, घरच्या समूहावर टाकत नाही. दोघांनी आपापली निवड स्वतंत्रपणे, एकमेकांना न विचारता करून पाठवावी. दोन्ही याद्यांत जी येतात ती आधी छापायला घेतो. उरलेल्यांपैकी घरच्यांना कोणती दाखवायची ते तुम्ही ठरवा, आणि जी दाखवायची नसतील ती माझ्याकडूनही कोठे जाणार नाहीत, हे ठरावातच लिहून देतो.